पूजेतून उचललेली रॅकेट

वैजयंती ठाकूरला जाळीपलीकडच्या खेळाडूची भीती कधी वाटली नाही. कितीही नावाजलेली, इंग्रजीत फाडफाड बोलणारी मुलगी समोर येवो, हिचा श्वास जागेवर असायचा. तिची भीती तिच्या हातातच असायची. सर्व्हिस करण्याआधी ती रॅकेटच्या तारांवरून बोटं फिरवायची, एखादी तार अंगठ्याने दाबून बघायची. पुढे तिच्याकडे शिकायला येणारी मुलं या खोडीची नक्कल करून हसायची. हसोत बापडी. एक्क्याऐंशीच्या दसऱ्याला त्यांचा कुणाचा जन्म झाला नव्हता.

वैजयंती खाडीपलीकडच्या जासई गावची. वडील शिवराम मुंबईच्या एका जुन्या जिमखान्यात टेनिस कोर्टावर कामाला होते. माती भिजवायची, रूळ ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. आठवडाभर तिकडेच राहायचे आणि शनिवारी लाँचने मोरा बंदरात उतरून घरी यायचे. आई बायजाबाई मिठागरात जायची. एका शनिवारी शिवरामनी कुणीतरी टाकून दिलेली रॅकेट घरी आणली. भात झोडून खळं रिकामं झालं होतं. सारवलेल्या खळ्यावर त्यांनी चुन्याने रेघा मारल्या, मध्ये दोन बांबू रोवले आणि त्यांना सिताराममामाचं मासे धरायचं जुनं जाळं बांधलं. वैजयंतीचं पहिलं कोर्ट ते.

मामाच्या जाळ्याची गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, पण ती सगळ्यांना ठाऊक होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन घटापाशी मांडायची. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत, देव उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. एका दसऱ्याला पहाटेच खाडीत मासळी आल्याची हाक आली आणि सिताराममामाने पूजेतलं नवं जाळं उचललं. "देवी काय परकी हाय?" म्हणत हसत हसत गेला. होडी सापडली. मामा सापडला नाही. घरात राहिलं ते त्याचं जुनं, फाटकं जाळं. भावाचं जाळं खेळायला बांधलेलं बायजाबाईला आवडलं नव्हतं, पण ती काही बोलली नाही. ती बोलायचीच कमी.

गाव मात्र बोलायचं. वैजयंती मोठी झाली, शाळेला सुट्टी लागली की वडिलांबरोबर मुंबईला जाऊ लागली. सभासद यायच्या आधी सकाळी कोर्टावर खेळू लागली. मग स्पर्धा आल्या, आखूड पांढरा फ्रॉक आला. शेजारच्या सुंदराबाई अंगणातून विचारायच्या, "काय गो बायजे, तुझ्या पोरीला कापड कमी परला का?" बायजाबाई टोपली उचलायची आणि मिठागराची वाट धरायची. पोरीच्या खेळाबद्दल चांगलं नाही की वाईट नाही. वैजयंतीला ते मुकेपण गावाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एक्क्याऐंशी साली ती एकवीस वर्षांची होती. एका मोठ्या कंपनीच्या महिला टेनिस संघात एकच जागा भरायची होती. नोकरी कंपनीची, काम खेळण्याचं. बाकी सगळ्या मुली गळाल्या आणि दोघी उरल्या, वैजयंती आणि दादरची स्मिता. दोघींचा सामना दसऱ्याला सकाळी, शिवरामांच्याच जिमखान्यात ठरला. ही जागा गेली तर दुसरी कधी निघेल याचा भरवसा नव्हता. जिमखान्यातल्या एका म्हाताऱ्या पारशी बाईंनी वैजयंतीला स्वतःची चांगली रॅकेट वापरायला दिली. तिला जनावराच्या आतड्याची तार होती. देताना त्यांनी बजावलं होतं, "डिकरी, पाणी नको लागू देऊ हां." नायलॉनच्या तारेला पाण्याचं काही नाही. आतड्याच्या तारेला ओल लागली की ती फुगते, तिला केसांसारखे धागे सुटतात, आणि मग ती कुठल्या फटक्याला तुटेल ते सांगता येत नाही.

नवमीला शिवराम कोर्ट तयार करायला मुंबईतच राहिले होते. वैजयंती घरी होती. दुपारी ती देवळात ओटी भरायला गेली आणि परत आली तो घटापाशी हत्यारं मांडून झाली होती. कोयता, विळी, मिठागरातलं फावडं. आणि त्यांच्या शेजारी रॅकेट. स्वच्छ धुतलेली, हळदीकुंकू लावलेली, वर झेंडूचा ओला हार. तारांतून अजून थेंब गळत होते.

वैजयंती ओटीचं ताट तसंच खाली ठेवून घटापाशी आली.

बायजाबाई पदराला हात पुसत म्हणाली, "तुझं पन हत्यारच ना गो ते? इतकी वर्सं मी मांडलाच नव्हता. माझी चूक झाली."

इतक्या वर्षांत आई पहिल्यांदा तिच्या खेळाबद्दल बोलली होती. आता तिला काय सांगायचं? की तू धुतलंस तिथेच वाटोळं झालं? वैजयंती घटापुढे बसली आणि हात जोडले. रॅकेट उचलून पुसावी असं हाताला वाटत होतं, पण उचलायची कशी? आणि उद्या पहाटे तर उचलावीच लागणार होती. घरच्या जुन्या नायलॉनच्या रॅकेटवर स्मितापुढे निभाव लागेल असं तिला वाटत नव्हतं. पहिली लाँच चुकली तर सामना गेला. उत्तरपूजा सकाळी उशिरा.

"आई, उद्या देव लवकर उठवता येईल का गं?"

"देवाला काय घड्याल लावतस? भटजी येतील तवा." मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. "तू ती उचलून नेनार?"

"न्यावीच लागेल."

बायजाबाई भिंतीला टेकून खाली बसली. भावाचं नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

पहाटे वैजयंतीने देवीपुढे डोकं टेकलं, "आई, काय घ्यायचं ते माझं घे," असं मनात म्हटलं आणि रॅकेट उचलली. आई दारात उभी होती. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. लाँच खाडीच्या पाण्यावर हलायला लागली तसं वैजयंतीने रॅकेटभोवती गुंडाळलेलं दुपटं सोडून बघितलं. तारा फुगल्या होत्या. दोन ठिकाणी बारीक केस सुटले होते. तिने रॅकेट पोटाशी धरली आणि मोरा मागे पडेपर्यंत पाण्याकडे पाहिलंच नाही.

सामना सुरू झाला. कंपनीचे अधिकारी रावसाहेब वेताच्या खुर्चीत बसले होते. वैजयंती खेळत होती, पण तिचा जीव तारांत अडकला होता. चेंडू आला की ती नुसती रॅकेट पुढे करायची, हलकेच पलीकडे टाकायची. तार तुटू नये. तार तुटली म्हणजे देवीने कौल दिला, आणि कौल दिला म्हणजे काहीतरी घेतलं. पहिला सेट स्मिताने आरामात नेला.

पाण्याचा पेला द्यायला शिवराम आले. हळूच म्हणाले, "काय गो, चेंडूला झोपवतेस का मारतेस?"

"बाबा, आईने ही पूजेत मांडली होती. धुऊन. देव उठायच्या आधी मी उचलून आणली."

शिवरामांनी पेला खाली ठेवला. सिताराम त्यांचा मेहुणा होता, खाडीत शोधायला तेही उतरले होते. त्यांनी तारांवर बोट ठेवलं, लगेच काढलं. म्हणाले, "उचललीस ना आता? उचललेला हत्यार मदेच खाली ठेवाचा नसतो. मार."

ती मारू लागली. प्रत्येक फटक्याला डोळे मिटत होते. तारा टिकल्या, दुसरा सेट तिचा झाला. तिसरा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, आणि सर्व्हिसला हात वर गेला, फटका बसला, आणि कानाशी कडकन आवाज झाला. मधली तार तुटून लोंबत होती.

लोकांना वाटलं, रॅकेट गेली म्हणून पोरगी पांढरी पडली. वैजयंतीच्या डोळ्यांपुढे घर आलं. मामाने जाळं उचललं तेव्हा मामा गेला. आज उचलली तिने, पण ती तर इथे धडधाकट उभी होती. मग घेतलं कुणाला? दारात उभी असलेली आई तिला दिसली, आणि ती जा म्हणाली नव्हती.

तिने पिशवीतून जुनी नायलॉनची रॅकेट काढली. आता तिला जिंकायचं नव्हतं, संपवायचं होतं. मिळेल ती पहिली लाँच गाठून घरी जायचं होतं. चेंडू टप्पा घेऊन वर येतो न येतो तोच ती झोडत होती, रेघ बघत नव्हती, स्मिताकडे बघत नव्हती. स्मिताला जागेवर यायलाही सवड मिळेना. पंचाने सामना संपल्याचं सांगितलं तेव्हा वैजयंती पुढची सर्व्हिस करायला निघाली होती.

रावसाहेब हसत उठून शिवरामांना म्हणाले, "फार घाईची आहे हो तुमची मुलगी. चहा तरी घे म्हणावं तिला."

मुलगी केव्हाच भाऊच्या धक्क्याकडे पळत सुटली होती.

धक्क्यावर कळलं, ओहोटी आहे, मोऱ्याला लाँच लागत नाही. भरती येईपर्यंत ती फळीवर बसून राहिली. देवीचं नाव घ्यायला गेली की मध्येच आईचं नाव यायचं.

जासईच्या फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा दिवस कलला होता. घराच्या दाराशी माणसं जमलेली तिने लांबूनच पाहिली. बायका, पुरुष, सगळी गप्प उभी. रॅकेट छातीशी धरून ती चालत राहिली. कुणीतरी म्हणालं, "आली, आली," आणि गर्दी बाजूला झाली.

सुंदराबाई पुढे आल्या. हातात आपट्याची पानं. "आलीस का गो बाय! सकालधरनं तुझ्या आईनं देवीला बसवून ठेवलीय. भटजीला परत धाडला, घास खाल्ला नाय, आमचं सोनं घेत नाय. आमी काय रातभर हितंच उभं राहाचं?"

आत घटापुढे बायजाबाई बसली होती. समई तेवत होती. कोयता, विळी, फावडं जिथल्या तिथे, आणि त्यांच्या शेजारी रॅकेटची जागा रिकामी. तिने वर पाहिलं. लेकीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हत्यार आन."

वैजयंतीने रॅकेट तिच्या हातात दिली. बायजाबाईने तुटलेल्या तारेला बोट लावलं.

"ही कवा तुटली?"

"खेळताना."

बायजाबाईने रॅकेट जागेवर ठेवली, तिच्यावर अक्षता टाकल्या आणि डोळे मिटले. "तारेवर भागलं," म्हणाली. "आई पावली गो माझी." मग स्वतःच्या हाताने घट हलवला, देवी उठवली, आणि भिंतीला धरून उभी राहिली. जिंकली की हरली, हे तिने विचारलंच नाही. ते दुसऱ्या दिवशी शिवराम आले तेव्हा गावाला कळलं.

वैजयंतीने कंपनीच्या संघातून सात वर्षं टेनिस खेळलं. मद्रास, कलकत्ता, दिल्ली पाहिली, जिंकली, पुष्कळदा हरली. मग खांदा गेला, आणि ती वाशीच्या नव्या वसाहतीत मुलांना शिकवू लागली. आईवडिलांना तिने आपल्या फ्लॅटवर आणलं. पारशी बाईंनी ती रॅकेट परत घेतली नाही. तिच्यात नवी तार वैजयंतीने कधी भरली नाही.

तार पाण्याने तुटली हे तिने आईला सांगितलं नाही. सांगायला पुष्कळदा तोंड उघडलं होतं. पण खरं तर तिला स्वतःलाही ठाम म्हणता येत नसे. पाणी आईच्या हातचं होतं, आणि त्या हाताने ते देवीपुढेच घातलं होतं.

अजूनही खंडेनवमीला बायजाबाई ती रॅकेट नळाखाली धरून स्वच्छ धुते आणि विळीशेजारी मांडते. दसऱ्याला सकाळी मुलांचे पालक बेल वाजवतात. "मॅडम, सुट्टीच्या दिवशी तरी जास्त वेळ शिकवा ना! पोरं खाली थांबलीत."

"देव उठू दे," वैजयंती दारातूनच सांगते, आणि आत येऊन आईशेजारी हात जोडून बसते. भटजींना उशीर झाला की तिची नजर तुटलेल्या तारेवर जाते, आणि हात घट्ट जोडलेलेच राहतात.