आवाज येतोय का?

श्रीकांतच्या नंबरावरून फोन आला, तेव्हाच मला कळलं. गेलं वर्षभर त्या नंबरावरून फक्त संदेश यायचे. फोन येत नसे, कारण ज्याचा तो नंबर होता त्याला बोलता येत नव्हतं. सकाळी मी व्हरांड्यात वर्तमानपत्र उघडून बसलो होतो आणि टेबलावर ते नाव उजळलं... उचलला तर त्याची मुलगी मुग्धा होती. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली, आणि मग तोंड बाजूला करून कोणाला तरी हिंदीत, "हाँ, काका को बता दिया."

त्याला आता महिना होऊन गेला. हे लिहितोय तो संगणक त्यानेच बसवून दिलेला आहे. त्याने नवा घेतला की जुना माझ्याकडे यायचा, त्यामुळे माझं सगळं घर त्याच्या कंटाळ्यावर चालत आलं आहे. पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक चौकट येते आणि विचारते, नवी आवृत्ती आली आहे, आता घ्यायची की नंतर? मी रोज 'नंतर' दाबतो. तो असताना ही चौकट मला कधी दिसली नव्हती. माझ्यापर्यंत पोचायच्या आतच तो तिची वाट लावायचा.

आम्ही इथल्या गोरखी भागातल्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो आणि तो टेलिफोन खात्यात. त्याचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेले, माझे दफ्तरात लिहायला आलेले, आणि यावरून तो मला जन्मभर चिडवत आला. मला तो पंडित म्हणायचा. "आमच्या खानदानात घोडे बदलायची सवय आहे, पंडित. तुमचे लोक एका बोरूवर पिढी काढायचे." नवं काही घरात आणलं आणि त्याची बायको, शुभावहिनी, नाराज दिसल्या की हे वाक्य ठरलेलं. पहिला संगणक त्याने पडावच्या बाजारातून टेंपोतून आणला होता. त्या मोठ्या पेटीला मांडीवर घेऊन, बाकीच्या सवाऱ्यांचे पाय सांभाळत, तो गल्लीच्या तोंडाशी उतरला. नव्या सुनेला आणावं तशी त्याने ती पेटी घरात नेली. शुभावहिनींनी खरोखरच तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि त्यातलं थोडं फटीतून आत गेलं म्हणून तो दिवसभर फुंकर मारत बसला होता.

त्याला वस्तूंची हौस नव्हती. वस्तू चालते की नाही हे बघण्याची हौस होती. हा फरक मला फार उशिरा लक्षात आला. मराठी लिहिण्याचे जेवढे म्हणून फॉन्ट त्या काळी मिळत होते तेवढे त्याने आणले. एकात लिहिलेलं दुसऱ्यात उघडलं की सगळे चौकोन दिसायचे. आमच्या मंडळाची गणपतीची पत्रिका एका वर्षी अशीच पडावच्या छापखान्यात चौकोनांची होऊन पोचली आणि शेवटी मी हाताने लिहून दिली. श्रीकांतला त्याचं काही वाटलं नाही. तो दुसऱ्या दिवशी नवीन फॉन्ट घेऊन हजर. कुठलंही सॉफ्टवेअर एकदा नीट चाललं की त्याचं त्यातलं मन उडायचं. "चालतंय ना, बस," असं म्हणून तो ते काढून टाकायचा आणि पुढचं शोधायला लागायचा.

त्याची एक पद्धत होती. नवं काही आलं की मला बोलावून खुर्चीत बसवायचा, आणि स्वतः मागे उभा राहायचा. हात पाठीमागे बांधलेले. सांगायचं काही नाही, दाखवायचं काही नाही, नुसतं बघायचं की हा कुठे अडतो. मी अडलो की त्याचा श्वास मानेजवळ ऐकू यायचा, पण हात सुटायचे नाहीत. "तुला जमलं म्हणजे कोणालाही जमेल," हे तो कौतुकाने म्हणायचा की कसं, ते मी कधी विचारलं नाही.

आणि आवाजाचं काही असेल, मायक्रोफोन असो, टेपसारखं सॉफ्टवेअर असो, बोललेलं लिहून काढणारं असो, की त्याचं वाक्य एकच. पडद्याकडे वाकून, घसा साफ करून तो म्हणायचा, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का? शुभा, चहा ठेव गं." आतून, भांड्यांच्या आवाजातून वहिनींचं उत्तर यायचं, "येतोय, येतोय." तेही त्यात भरलं जायचं. मग तो लाल बटण बंद करायचा, फाइलीला नाव द्यायचा आणि ठेवून द्यायचा. फेकायचा मात्र नाही. चहा यायचा, मी घरी जायचो. अशी आमची वर्षं गेली.

त्याचा आवाज बसला तेव्हा आधी सगळ्यांना थंडीचं वाटलं. पुढे तपासण्या झाल्या, दिल्लीला जाणं झालं, आणि एके दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. बाजारात आलेल्या नव्या यंत्राची बातमी द्यावी तशा सुरात त्याने सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागणार. तो पुढे बोलत राहिला. त्या चिरक्या आवाजात म्हणाला की आता अशी सॉफ्टवेअरं निघाली आहेत, आपण आपल्या आवाजात भरपूर वाचून द्यायचं, मग पुढे जे टाइप करू ते आपल्याच आवाजात बोलतं. अजून थोडा आवाज शिल्लक आहे. काय वाचायचं ते मी निवडावं. "पुस्तकी नको देऊस, यार. घरात बोलतो तसं पाहिजे."

मी निवडलं. काही उतारे, काही साध्या गप्पा स्वतःच रचल्या. भाजी, तिळाची गजक, कूलरचं पाणी, मुग्धाची गाडी किती वाजता येते, असल्या. मोठ्या अक्षरांत पानं काढून दिली. ती त्याच्या टेबलावर राहिली, आणि तो सॉफ्टवेअरं ताडून बघत बसला. एकात 'ळ' नीट उमटत नव्हता, दुसऱ्याला आपली हिंदी मिसळलेली मराठी झेपत नव्हती, तिसऱ्याला मायक्रोफोन चांगला लागायचा. पडावहून मायक्रोफोन आला. मग पंखा बंद, खिडकीला गादी लावली, तरी गल्लीतल्या लग्नाचा डीजे आत येतच होता. रोज संध्याकाळी मी जायचो. रोज नवं काहीतरी जोडलेलं असायचं. रोज तो वाकून म्हणायचा, हॅलो, हॅलो... आणि ऐकून बघायचा, आणि मान हलवायचा.

वहिनी एकदा मला दारापर्यंत सोडायला आल्या. "भाऊजी, तुम्ही सांगा ना त्यांना. मशीन कोणतीही असू दे, आधी बोलून घ्या म्हणावं. मला काय पत्ता कोणतं चांगलं नि कोणतं नाही. मला नंतर हाक ऐकू आली पाहिजे." मी आत जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "एकदाच भरायचं आहे ना, मग नीट भरू. परवापासून वाचतो." त्याची चूक म्हणावी तर ही. पण दुसऱ्या कोणाला ही चूक करता आली असती असं मला वाटत नाही.

परवा यायच्या आत दिल्लीच्या हॉस्पिटलातून फोन आला. खाट रिकामी झाली होती, उद्याच या म्हणाले. सकाळच्या गाडीने ती दोघं गेली. मी स्टेशनवर गेलो होतो. गर्दी होती, त्याला फारसं बोलवत नव्हतं. खिडकीतून त्याने हात वर केला. नंतर मला वाटत राहिलं की त्याचा आवाज शेवटचा कधी ऐकला ते आपण बघून ठेवलं नाही... पण असं कोण बघून ठेवतं?

तो परतला तो गळ्याला रुमाल बांधून. मुग्धा रजा काढून आली होती. बापाच्या जुन्या डिस्का कपाटातून काढून ती कितीतरी दिवस ऐकत बसली. एका संध्याकाळी मी गेलो तर ती हेडफोन गळ्यात अडकवून नुसतीच बसली होती. "काका, इतक्या फाइली आहेत, इतक्या वर्षांच्या. मला वाटलं, चला, काम झालं. पण सब में वही है. आवाज येतोय का, चहा ठेव. बाबांनी दुसरं काही बोललंच नाही." श्रीकांत शेजारीच होता. तो हसला. हसण्यालाही आता आवाज नव्हता, खांदे हलले तेवढेच.

तरीही तिने त्यातूनच आवाज करून दिला. प्रत्येक फाइलीच्या शेवटी आईचा आवाज होता, तो कापावा लागला. जे तयार झालं ते टॅबलेटवर घालून तिने बापासमोर ठेवलं. वहिनी पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. त्याने सावकाश टाइप केलं, आणि श्रीकांतचा, अगदी त्याचाच आवाज आला, "शुभा, मी बरा आहे?"

आयुष्यभर फक्त प्रश्न विचारतानाच भरलेला आवाज होता. सरळ वाक्यही शेवटी वर जायचं. मुग्धाचा चेहरा पडला. वहिनी मात्र, समोर कोणी खरंच विचारलं असावं तशा म्हणाल्या, "आहात, आहात."

पुढे ते तसंच चाललं. "जेवण झालं?" असं त्याच्याकडून आलं की ते सांगणं होतं की विचारणं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि वहिनी प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायच्या. झालं. हो. राहू द्या. येतोय. त्या घरात एवढं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. काही महिन्यांनी मुग्धाने फोनवर सांगितलं की आता याहून पुष्कळ चांगलं सॉफ्टवेअर आलं आहे, थोड्याशा नमुन्यावरूनही सूर सरळ करून देतं, मी पाठवते. मी त्या दिवशी तिथेच होतो. ज्या माणसाने जन्मात कुठली आवृत्ती महिन्याहून जास्त टिकू दिली नव्हती, तो पडद्याकडे बघत बसला. मग त्याने टाइप केलं, आणि टॅबलेट मला म्हणाला, "पंडित, आता बदलायचं नाही?"

मी म्हणालो, नाही.

त्याने ते बदललं नाही. दुखणं परत उलटलं, बोटं थकली, वाक्यं लहान होत गेली. शेवटी शेवटी 'शुभा' एवढंच असायचं, आणि तेही विचारल्यासारखं.

मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. टेबलावर माझी पानं अजून आहेत, मायक्रोफोनवर कापड घातलेलं आहे. टॅबलेट वहिनी रोज चार्ज करतात. कामावर परत जाण्याआधी मुग्धा म्हणाली होती, आई, तुला वाटलं तर काहीही टाइप कर, बाबा बोलतील. वहिनींनी ते कधी केलं नाही. "त्यांनी लिहिलं नाही ते त्यांच्या तोंडून कशाला वदवायचं?" असं मला म्हणाल्या, आणि आत जाता जाता मागे वळून, "ते पहिलं आहे ना, जुनं, ते लावा जरा. मला नाही जमत."

मी खुर्चीत बसलो. थोडा अडलो, कुठे दाबायचं ते चटकन सापडेना. मागे कोणी उभं नव्हतं. मग सापडलं. खरखर झाली, घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि तरण्या, खणखणीत आवाजात श्रीकांत म्हणाला, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का? शुभा, चहा ठेव गं." या फाइलीतलं काही कापलेलं नव्हतं. लांबून, भांड्यांच्या आवाजातून, कोवळ्या आवाजात उत्तर आलं, "येतोय, येतोय."

स्वयंपाकघरातून नळ सोडल्याचा आणि गॅसवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला.