ताकोबाची भिंत

"मिस्त्री, भिंत म्हातारी करा."

शेठ असं म्हणाले तेव्हा मी ओळंबा धरून उभा होतो. वाटलं, ऊन लागलं यांना. भिंत अजून पुरती बांधून झाली नव्हती आणि ती म्हातारी करायची होती.

मी दगडाचा गवंडी. चौथीत शाळा सुटली नि हातोडा हातात आला. घर किन्हवलीला, पण काम लागेल तिथं जायचं. दोन हजार सालानंतर मुरबाडकडून माळशेजच्या रस्त्याला मुंबईच्या लोकांनी फार्महाऊस बांधायला काढली. या शेठची जागा वैशाखऱ्याजवळ. रस्त्याच्या कडेनं काळ्या दगडाची लांब कंपाउंड वॉल. दरजा आतून भरायच्या, बाहेरून सिमेंट दिसता कामा नये. दरजा म्हणजे दोन दगडांमधली फट. काम चोख झालं होतं आणि तेच शेठला खुपलं.

"फार नवीन दिसते. अँटिक लूक पाहिजे. किल्ल्यावरच्या दगडांना ते करडं-हिरवं असतं ना, तसं. दिवाळीनंतर मासिकवाले फोटो काढायला येणार आहेत."

"ते दगडफूल, शेठ. ते आपोआप येतं."

"मग आणा."

आणलं. माझा जोडीदार गणा वाण्याकडून मसाल्यातलं दगडफूल गोणी भरून घेऊन आला. खळ लावून आम्ही ते भिंतीला चिकटवलं. दुपारी वारा सुटला आणि अर्धं शेतात गेलं. उरलेल्याला मटणाचा वास येत होता.

गणा म्हणाला, "शेठ, आता कांदा-खोबरं वाटून लावू. भिंत चुलीवरच चढवू."

शेठ हसले नाहीत. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की दगडाला ताक लावलं की हिरवं धरतं. डेअरीचे कॅन आले. डिस्टेंपरचे ब्रश घेऊन आम्ही दोघं बापे रोज सकाळी भिंतीला ताक पाजू लागलो. मुंग्या आल्या. कुत्री भिंत चाटू लागली. समोर एस्टीची वाट बघणाऱ्या बाया आमच्याकडं बघत राहायच्या.

"काय गो, कोणचा देव हाय ह्यो?" एकीनं दुसरीला विचारलं.

"जागृतच असंल. रोज ताक लागतं त्याला."

दोन दिवसांनी गेटजवळच्या एका पुढं आलेल्या दगडाला शेंदूर लागला होता. खाली फोडलेला नारळ. आठवड्याभरात नावही पडलं, ताकोबा. माझ्या हातानं घडवलेला दगड, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

शेठ मुंबईहून आले ते ओरडतच गाडीतून उतरले. "कोणी लावला हा शेंदूर? पुसा आधी!"

"तुमी पुसा शेठ," गणा म्हणाला. "मना पोरंबाळं हायेत."

शेठनं हात पुढं केला आणि मागं घेतला. शेंदूर राहिला.

मग शेठाणीनं आपल्या ओळखीच्या एक बाई आणल्या. त्या कॉलेजात वनस्पती शिकवायच्या. भिंत बघून त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, दगडफूल म्हणजे एक झाड नाही. तो दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. तिच्या आत शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न शिजवतं. नुसतं ताक लावून नुसती बुरशी येईल. विरजण कुठं आहे?"

बाकीचं माझ्या डोक्यावरून गेलं असतं, पण विरजण कळलं. बायको रोज लावायची. मी घाईनं झाकण काढून बघायचो आणि ती करवादायची, "विरजण लावलं का भांडं हलवू नये. कवा समजंल तुमाला?"

"म्हणजे जिवंत दगडफूल हवं," बाई म्हणाल्या. "इथल्याच दगडावरचं."

गणाच्या तोंडाची दरज कुणी भरलेलीच नाही, सगळी फटच आहे. "मिस्त्रीच्या परसात धुण्याचा दगड हाय. पुरा भरलाय!"

शेठचे डोळे चमकले. "तो दगडच आणा. भिंतीत मधोमध बसवा."

"नाय," मी म्हणालो.

"नवा घडीव दगड देतो बदल्यात."

"नाय म्हटलं ना. माझ्या बायकोचा दगड हाय."

"बायकोला मी समजावतो."

"तिला जाऊन आठ वर्सं झाली. जा, समजवा."

शेठनं भिंतीकडं पाहिलं. म्हणाले, दगड नसेल तर दुसरा मिस्त्री बघतो. मी थापी धुतली, पिशवी उचलली आणि किन्हवलीची गाडी पकडली.

तो दगड मीच तिला आणून दिला होता, लग्नानंतर. ती होती तोवर त्यावर काही उगवायची टाप नव्हती. रोज धुणं आपटून आपटून काच झाला होता. ती गेली, सुनेनं मोरीत नळ घेतला, दगड रिकामा पडला. मग त्यावर करडे ठिपके आले, ते पसरत गेले. आधी मला रागच यायचा. दोनदा घासणी घेऊन बसलो. घासलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या घरी आल्या, गणाला वाट दाखवायला घेऊन. दगड मागितला नाही. परसात जाऊन मातीतच बसल्या, डोळ्याला भिंग लावून.

"काही दगडफुलांना बारीक बशा येतात," त्या म्हणाल्या. "त्यातून फक्त बुरशीची बी उडते, एकटी. पडेल तिथं शेवाळ भेटलं तर संसार, नाहीतर मेली. काहींनी तो नाद सोडला. त्यांची भुकटी सुटते. कणाकणात दोघंही असतात. जोडीनं निघतात, जोडीनं लागतात."

"मंग शहाणं कोन?"

"भुकटीवालं लवकर लागतं. पण जोडी तीच, रीत तीच. उद्या हवा बदलली तर अडेल. एकटी बी बहुतेक मरतेच, पण एखादीला नव्या जागेला सोसणारं नवं शेवाळ भेटतं. हजारो वर्षांनी कोण टिकलेलं असेल, मला नाही सांगता येणार."

"ऐका मिस्त्री," गणा म्हणाला. "तुमी बशीवालं व्हा. बघू कुठं एखादं शेवाळ?"

"गणा, थोबाड फोडीन."

बाई हसल्या आणि माझ्याकडं बघून थांबल्या.

"ह्यो कोनचा हाय?" मी दगडाकडं बोट केलं.

त्यांनी बोट दगडावर हलकेच फिरवून मला दाखवलं. बोटाला करडी भुकटी लागली होती. "जोडीवाला."

मी छिन्नी आणली आणि माझ्या हातानं चिमूटभर खरवडलं. कोणाला करू दिलं नसतं.

शेठनं दुसरा मिस्त्री आणलाच नाही, मिळत नव्हता. मी परत गेलो. ती चिमूट ताकात कालवून मी भिंतीच्या उत्तरेच्या कोपऱ्याला लावली, जांभळीच्या सावलीत. बाईंनी शेठला सांगितलं, नखाएवढं व्हायला काही वर्षं लागतील. शेठ म्हणाले, "मॅडम, फोटो दिवाळीनंतर लगेच आहेत." शेवटी आटगावचा पेंटर आला आणि स्पंजानं करडे-हिरवे ठिपके मारून गेला. मासिकात भिंत शंभर वर्षांची म्हणून छापून आली. पुढच्या पावसाळ्यात तिची शंभर वर्षं गटारात वाहून गेली.

काही वर्षांनी शेठनं फार्महाऊस विकलं. नवीन मालकाच्या कॉन्ट्रॅक्टरनं मलाच बोलावलं. "बाबा, बाहेरून सिमेंटचा गिलावा मारायचा आणि वर टाइल."

मी आधी कोपऱ्यात गेलो. दगडावर आठाण्याएवढा करडा ठिपका होता. बाजूला एक चाराण्याएवढा. गिलाव्याआधी भिंत भिजवावी लागते, पण मी पाणी आणलंच नाही.

"ह्याला गिलावा नाय लागायचा," मी म्हणालो. "ताकोबाची भिंत हाय."

"कसला ताकोबा?"

मी गेटकडं बोट दाखवलं. शेंदराचा थर आता बोटभर झाला होता. पुढं ताजा नारळ, ताकाची वाटी. कॉन्ट्रॅक्टरनं चप्पल काढली, फोन लावला, बराच वेळ बोलला. गिलावा फक्त आतून झाला. बाहेरचं काम गेलं, म्हणजे माझंच गेलं.

देवाला मी हात जोडत नाही. ती गेल्यापासून तर नाहीच. त्या दिवशी निघताना जोडले.

"बाबा, देव तिकडं हाय," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

"माहीत हाय," मी म्हणालो. मी कोपऱ्याकडं तोंड करून उभा होतो.

इतकी वर्षं दगडात काढून एकच गोष्ट शिकलो. विरजण लावलं की भांडं हलवू नये. तीही दुसऱ्याचीच शिकवण.