दोन दांड्यांचं यंत्र

माझी आत्या फिटर. शेंगा फोडायची यंत्रं जोडायची. हाताला कायम ग्रीस आणि तोंडाला कुलूप नाही.

तेव्हा आपल्या सरकारने आपल्यासारख्याच एका हातावर पोट असलेल्या देशाशी करार केला. आपण यंत्रं द्यायची, त्यांनी कापूस. तोवर दोघंही श्रीमंत देशांची यंत्रं आणायचे आणि एखादा भाग मोडला की हात चोळत बसायचे. यंत्रं बसवून द्यायला कारखान्याने आत्याला धाडलं.

"समुद्रापलीकडे? एकटी?" आजोबांचा जीव खालीवर.

"एकटी कुठे? माझी यंत्रं आहेत की सोबत!"

तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेत तिने दांडा धरून हाताने फिरवायचं पहिलं यंत्र बसवलं आणि दुसऱ्या गावी गेली. परत येऊन बघते तर यंत्राच्या दुसऱ्या बाजूलाही एक दांडा!

"माझ्या यंत्राला हात कोणी लावला?" आत्या कडाडली. दुभाष्याची बोबडीच वळली.

गावचा लोहार पुढे आला. "मी. तुमचं यंत्र एकीलाच दमवतं, बाई. आमच्याकडे बायका समोरासमोर बसून, गप्पा मारत काम करतात. फिरवून तर बघा."

आत्या फुरंगटूनच बसली. समोर लोहार. दोघांनी दांडे फिरवले आणि यंत्रातलं शेंगा फोडायचं जड पिंप भिंगरीसारखं फिरू लागलं. आत्याचा राग कुठल्या कुठे पळाला. लोहाराच्या बाजूने पिंपाचा कणा थोडा डुगडुगत होता. तिथे तिने आपल्याकडचं बेअरिंग बसवलं. मग मायदेशी निघेपर्यंत तिने त्याच्या भट्टीपाशीच ठाण मांडलं.

परतल्यावर तिने लोहाराने घडवून दिलेला तसाच एक दांडा कारखान्याच्या साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"झकास! उद्यापासून आपण असेच बनवू," साहेब म्हणाले.

"आपण नाही. ते बनवतील, आपण विकत घेऊ."

"अगं, एवढं तर आपल्यालाही जमेल!"

"जमेल. पण सुचलं त्यांना. आणि मुठीला त्यांच्याकडचं लाकूड आहे, हाताला फोड येत नाही. धरून बघा."

साहेबांनी आढेवेढे घेतले, पण आत्या हटली नाही. शेवटी पिंप आपलं, दांडे त्यांचे असं ठरलं. पुढे तिसऱ्याच एका देशाने ती यंत्रं मागवली, तेव्हा बसवायला आत्या आणि लोहार दोघंही गेले.

तिथे कोणीतरी विचारलं, "यंत्र कुठल्या देशाचं?"

"आमचं!" दोघं एकदमच म्हणाले, आपापल्या भाषेत.

हे सांगताना आत्याची मान अजूनही ताठ होते.