तिघांनी पाहिलेला दुसरा भाग

आमच्या लेकीनं त्या पिक्चरचा पहिला भाग दोनदा पाहिला होता. एकदा माझ्याबरोबर, एकदा तिच्या पप्पांबरोबर. पिक्चर फार आवडला म्हणून नव्हे, तर आम्ही दोघं एका वेळी मोकळे सापडत नाही म्हणून. कारेगावात आमची एक खोली आहे. मी एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर, ते दुसऱ्या कंपनीत प्रेसवर. माझी सुट्टी गुरुवारी, त्यांची रविवारी. एक जण घरात शिरतो तेव्हा दुसरा बूट घालत असतो. चावी कुठं ठेवली, पोरगी जेवली का, गॅस संपत आलाय, एवढं बोलणं होतं आणि कंपनीची बस येते.

पिक्चर व्हिडिओ गेमचा होता. चार पोरं खेळता खेळता गेमच्या आत ओढली जातात, आणि मग आत नुसती पळापळ, हाणामारी आणि हसाहशी. प्रत्येकाला तीन जीव. मेला की टुणकन पुन्हा उभा. त्यांना तीन जीव, आम्हाला तीन शिफ्ट. फरक एवढाच, की ते मेल्यावर ताजेतवाने होऊन उठायचे.

दुसरा भाग शिरूरला लागला तेव्हा लेक चौथीत होती. एक दिवस शाळेतून आली ती दप्तर फेकतच. आमच्याच चाळीतली दोन पोरं तिच्या वर्गात आहेत. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुजे मम्मी-पप्पा यका जागी ऱ्हात न्हाईत का? कवाच संगं दिसत न्हाईत." त्यावर हिनं वर्गात जाहीर करून टाकलं, की येत्या रविवारी आम्ही तिघं मिळून दुसरा भाग बघणार. मग घरी येऊन आम्हाला कळवलं. म्हणाली, "आता तुमी न्हाई आलात तर मी शाळंत कशी जाऊ?"

मला राग आला. पोरांचा, शाळेचा, कंपनीचा, कुणाचा ते सांगता येत नाही, पण आला. मी लाइनवरच्या मैत्रिणीला गाठलं. ती माझा रविवार करायला तयार झाली, पण बदल्यात शनिवारची तिची दुसरी शिफ्ट मी करायची. म्हणजे सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत उभी. यांच्याकडे त्या रविवारी ओव्हरटाइम सक्तीचा होता. सुपरवायझर म्हणाला, शनिवारी डबल मारा आणि रविवारी जा. ते रविवारी सकाळी साडेसातला घरी आले ते भिंतीला हात लावत लावत. तोवर माझेही पाय सुजले होते. मी म्हटलं, "अहो, जमंल ना?" ते म्हणाले, "पोरीसाठी जमवायचं. चहा टाक."

बाराचा शो. गाडीवर पुढे पप्पा, मागे मी, मध्ये लेक. तिनं दिवाळीचा फ्रॉक घातला होता. टॉकीजच्या दारात चाळीतली ती दोन पोरं त्यांच्या मामाबरोबर उभी. आमच्या लेकीनं एका हातात माझा हात धरला, दुसऱ्या हातात पप्पांचा, आणि त्यांच्या अगदी समोरून आम्हाला आत नेलं. तिचा तो तोरा बघून मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली. एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीला मिरवावं लागत होतं.

इंटरवलपर्यंत मी जागी होते, शपथ. या वेळी शाळेचा शिपाईच गेममध्ये अडकला होता, आणि घंटा वाजवायचा हातोडा हातात घेऊन राक्षसांच्या मागे धावत होता. टॉकीज हसून लोळत होतं. लेक माझ्याकडे बघून हसली की मी हसायचे. नंतर डोळे जड झाले. लेकीच्या पलीकडे पाहिलं, तर हे ताठ बसलेले, तोंड पडद्याकडे. म्हटलं, ते आहेत ना जागे, आपण पाच मिनिटं डोळे मिटू.

कंपनीत पहिला नियम हाच शिकवतात, की रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. समोर येऊन त्यानं 'मी आलो' म्हटलं, की मगच हात काढायचा. आम्ही दोघं हा नियम बारा वर्षं पाळतोय. त्या दिवशी तेवढा पाळला नाही. कारण कंपनीच्या बसनं दोघांनाही एकच खोड लावली आहे. आम्ही ताठ बसून, मान न पाडता झोपतो. ते तर इंटरवलनंतर लगेचच झोपले होते. डोळा लागण्याआधी त्यांनीही माझ्याकडे बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, ती आहे ना जागी.

मांडीला कडकडून चिमटा बसला तेव्हा पडद्यावर नुसती नावं सरकत होती. पलीकडे हेही दचकून सरळ झाले. तेवढ्यात लाइट लागले. मागच्या रांगेतून ती दोन पोरं वाकून बघत होती. हे डोळे चोळत होते. लेक मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, हसून हसून पाणी आलं व्हय डोळ्यांत?"

चाळीत आल्यावर तिनं शेजारच्या चाचीला सगळं सांगितलं. दुपारी आम्ही दोघं कामावर असलो की चाचीच तिला सांभाळतात. पप्पा किती हसले, मम्मी राक्षसाला कशी घाबरली, एकेक रंगवून सांगत होती. ती पोरंही तिथंच उभी होती. त्यातल्या एकानं मलाच विचारलं, "काकी, शेवटाला तुमाला काय आवाडलं?" लेक पटकन म्हणाली, "सांगू नगंस मम्मी. चाचीला बघायचाय पिच्चर." आणि मला हाताला धरून घरात घेऊन आली.

गुरुवारी माझी सुट्टी. ती शाळेतून आली. मी चपात्या लाटत होते, ती समोर बसून जेवत होती. शाळेत आता कुणी काही बोलत नाही, असं तिनं सांगितलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाळा, आमचं चुकलं गं. आता मला तरी सांग. त्यो शिपाई शेवटी भाईर आला का?"

तिनं घास चावून गिळला.

"मला कुठं म्हाईत?" ती म्हणाली. "लाइट लागायच्या आदी तुमाला उठवायचं हुतं ना. मी तुमच्याकडंच बघत हुते."