पासपोर्टातली मिशी

माझ्या मोठ्या मामांइतका परदेशी जायला तयार असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका पक्का घरी राहिलेलाही दुसरा कुणी झाला नसेल. त्यांची पत्र्याची ट्रंक वर्षानुवर्षं भरलेली होती. दिवाळीला ती उघडायची, आतल्या कपड्यांना ऊन दाखवायचं, डांबराच्या गोळ्या बदलायच्या आणि पुन्हा कुलूप लावायचं, हा त्या घरचा सणच झाला होता. आणि ट्रंकेपेक्षाही जास्त तयारीत कोण असेल, तर मामांची मिशी.

मामांचा मळा मंगरूळपीरच्या वेशीबाहेर होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, असला सगळा माल. आठवड्याच्या बाजाराला ते बंडी जुंपून शेलूबाजारला जात आणि तिथे भाजी विकण्याऐवजी गिऱ्हाइकांची परीक्षा घेत. एखाद्या बाईनं वांगं दाबून पाहिलं की म्हणत, "बाई, वांगं हाय ते. त्याची नाडी नाई पाह्याची." कुणी घासाघीस केली तर माल मागे ओढून घेत, कुणी नुसतं "वा, काय मेथी आहे!" म्हटलं तर जुडी फुकट देत. मामी कपाळावर हात मारायच्या. पण ह्या सगळ्या कारभारावर मामांची मिशी राज्य करी. ती होतीच तशी, दोन्ही गालांवर ऐसपैस पसरलेली. ताक पिताना डाव्या हाताच्या बोटानं ते ती वर उचलून धरीत. खरं बोलायचं असलं की तिच्यावर हात ठेवीत, आणि हात ठेवून दिलेला शब्द त्यांनी कधी मोडल्याचं मी तरी ऐकलं नाही. लोकही बिलंदर, सगळा मुलूख त्यांना मामाच म्हणे. "मामा, जरा हात ठेवून सांगा, वांगी कालची का आजची?" असं विचारीत, आणि मामा चिडून "कालची!" म्हणून मोकळे होत.

ह्या गृहस्थाच्या डोक्यात आफ्रिका कशी शिरली, तर गोदूमुळे. गोदू म्हणजे मामांची एकुलती एक लेक. तिचा नवरा आफ्रिकेतल्या रेल्वेत फिटर होता. लग्न झालं, तो तिला घेऊन नैरोबीला गेला, आणि वर्ष सरतंय न सरतंय तोच चिठ्ठी आली की गोदूला दिवस गेलेत. आता पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं तिला बोटीचा प्रवास नको म्हणून सांगितलं. मामी दोन दिवस डोळे पुसत बसल्या. मामांनी एकदा मिशीवर हात ठेवला आणि जाहीर केलं, "पोरगी माहेरी येऊ शकत नाई, तं माहेरच तिच्याकडं जाईल." मामींना न्यायचा प्रश्नच नव्हता. अडाण नदीला घोटाभर पाणी असलं तरी त्या बंडीत डोळे मिटून देवाचं नाव घेत. समुद्राचं नुसतं नाव काढलं तर त्यांना घाम फुटला. तेव्हा डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा आणि सगळ्या माहेराच्या वतीनं एकटे मामा, असं ठरलं.

मी तेव्हा अकोल्याला मास्तरकी करीत होतो. इंग्रजी जाणणारा घरात मीच, म्हणून पासपोर्टाचं लचांड माझ्या गळ्यात आलं. त्या दिवशी कचेरीत मामांनी जी करमणूक केली ती मी जन्मात विसरणार नाही. कारकून म्हणाला, "तुम्ही कुणाची रयत?" मामा विचारात पडले. म्हणाले, "आता कसं सांगावं, साहेब? वऱ्हाड निजामाचं म्हनतात, शेतसारा इंग्रज घेते, अन् मी आयकतो बायकोचं. यातलं तुमाले जे बसन ते लिवा." देवीची लस टोचल्याचा दाखला हवा म्हटल्यावर मामांनी भर कचेरीत सदरा काढून दंड दाखवला. तिकडे गेल्यावर तुम्ही कुणावर भार होणार नाही याची हमी कोण देणार, असं विचारलं तेव्हा मात्र त्यांना राग आला. "मी? लेकीवर भार? अहो, मी तिथं उतरलो की पह्यले मेथी लावतो!"

फोटोचा घोळ तर विचारूच नका. फोटो उघड्या डोक्यानं काढायचा असा हुकूम होता. आमच्याकडे पिकल्या वयाचा माणूस चारचौघांत उघड्या डोक्यानं दिसला की एकच अर्थ, घरात कुणीतरी गेलं. मामा फोटोवाल्याच्या खुर्चीत फेटा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. "मले का सुतक हाय? माह्या घरी सारे जिते हायेत!" मी समजावलं, फोटोवाल्यानं हात जोडले. शेवटी पोरीसाठी म्हणून मामांनी फेटा काढला आणि असा चेहरा केला की फोटोत खरोखरच कुणीतरी गेल्यासारखं दिसू लागलं. घरी मामींनी तो फोटो पाहिला आणि हंबरडा फोडला. एक प्रत गोदूला पाठवायची होती. ती घाबरू नये म्हणून मामांनी फोटोच्या मागे माझ्याकडून लिहून घेतलं, "घरी सर्व खुशाल. साहेबाच्या हुकमानं डोकं उघडं."

पण खरा घोटाळा पुढेच होता. अर्जात एक रकाना होता, अंगावरची ओळखीची खूण. मामांच्या कोपरावर विळा लागल्याचा चांगला वीतभर वण होता. मी तोच लिहिणार, तर मामांनी माझा हात धरला. "वण कोनाले माईत हाय? मंगरूळपासून शेलूपावेतो लोक मले कायवरून वयखतात? मिशी लिव." कारकूनही मोठा मिश्कील. त्यानं खरंच मिशी लिहिली आणि टीपकागद दाबीत म्हणाला, "बघा हं, पाटील, आता ही मिशी सरकारजमा झाली. काढली तर पासपोर्ट रद्द!" मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी मिशीवर हात ठेवून कारकुनाला शब्द दिला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

कारण मामांच्या भाऊकीत एक काकाजी होते. नात्यानं चुलते, वयानं सगळ्यांत वडील, आणि पोटी मूलबाळ नाही. ते गेले तर दहाव्याला भाऊकीतल्या सगळ्या पुरुषांची डोकी आणि मिशा उतरायच्या, हा रिवाज. आणि काकाजी त्या उन्हाळ्यात दम्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यातून मामांचं आणि त्यांचं कित्येक वर्षांचं वैर. दोघांच्या मळ्यांत सामाईक विहीर, तिच्यावर आधी मोट कुणाची लागायची यावरून बोलणं तुटलेलं. अगदीच काही सांगायचं झालं तर दोघंही आपापल्या बैलांना सांगत. मामा ओरडायचे, "हे पाह्य रे ढवळ्या, काई लोकाइले लाज नाई!" तिकडून काकाजी आपल्या बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "आयकू नको रे बाप्पा, वांगेवाल्याचं काय आयकायचं!"

असा हा वैरी, आणि आता त्याच्या दम्यावर मामांची आफ्रिका टांगलेली! अकोल्याहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामा शेळीच्या दुधाचा गडवा घेऊन काकाजींच्या दारात उभे. काकाजींनी डोळे बारीक केले. "काहून रे? इख टाकून आनलं का त्यात?" मामांनी अर्धा गडवा स्वतः पिऊन दाखवला. मग रोजचंच झालं. सकाळी दूध, दुपारी अडुळशाचा काढा, संध्याकाळी छातीला तेल. कारंज्याहून वैद्य आणला. आधी आपली मोट थांबवून काकाजींचा मळा भिजवला. गाव चाट पडलं. मी सुटीत गेलो तर मामा ओसरीवर बसून काकाजींचा श्वास ऐकत होते, माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "आज बरा वाजून राह्यला."

मी म्हटलं, "मामा, अहो, तो कारकून थट्टा करीत होता. मिशी काढली तरी तुम्हांला कुणी अडवणार नाही." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खोटी नाणी पाडताना सापडलोय. "सरकारले लिवून देल्लं. अन् हात ठेवून देल्लं."

ही भानगड काकाजींच्या कानावर घातली गावच्या न्हाव्यानं. काकाजींनी मामांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. म्हातारा उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "खरं सांग रे, तू माह्यासाठी येतं का मिशीसाठी?" मामांचा हात सवयीनं मिशीवर गेला, आणि हात तिथे गेल्यावर खोटं बोलायची सोयच उरली नाही. "मिशीसाठी," मामा म्हणाले. झालं! काकाजी हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसक्यातून दमा उसळला, डोळे पांढरे झाले, आणि मामा "अरे बाप्पा, काकाजी, हसू नका, हसू नका ना!" म्हणत त्यांची पाठ चोळतायत. ते दृश्य पाहून मला रडावं की हसावं ते कळेना. धाप ओसरल्यावर काकाजींनी चार माणसं बोलावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मी मेलो तं यानं मिशी काढू नाई. माही सुटी हाय त्याले. पोरीकडं जाऊ द्या." मग मामांकडे वळून म्हणाले, "अन् उद्या दूध आनू नको आता. काम झालं तुह्यं."

दुसऱ्या दिवशी मामा दूध घेऊन गेलेच. तिसऱ्या दिवशीही गेले. आता मिशीचा काही संबंध उरला नव्हता, तरी जात राहिले. काकाजींना जरा उतार पडला की दोघं विहिरीवर, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी बसून जुनी भांडणं पहिल्यापासून उकरून काढीत आणि मजेत पुन्हा भांडत.

बोटीचं तिकीट आलं. ट्रंक बंडीत चढली. मामी दारात दही घेऊन उभ्या होत्या, आणि त्याच सकाळी काकाजी गेले.

भाऊकी जमली. सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, "मामा, तुमी निघा. बुढ्यानं सोडलं हाय तुमाले." दहाव्याच्या आत बोट सुटणार होती. मामा तेव्हाच निघून गेले असते तर कुणी चकार शब्द काढला नसता. गोदू तिकडे दिवस मोजत होती. मीसुद्धा म्हणालो, निघा. मामा बंडीकडे वळले. मग त्यांनी ट्रंक उतरवली. काकाजींना अग्नी त्यांनीच दिला, आणि दहाव्याला नदीवर न्हाव्यापुढे पहिले तेच बसले. न्हाव्याचा हात उचलेना. मामा म्हणाले, "जिता होता तवा मी मिशीसाठी त्याच्याकडं जाये. आता एक डाव त्याच्यासाठी मिशी जाऊ दे." मामींना रडू आवरेना, आणि खरं सांगतो, मलाही.

मिशी काय, पुन्हा उगवली. पण ती फोटोइतकी होईस्तोवर तिकडे गोदूला मुलगी झाली होती, आणि इकडे महायुद्ध पेटलं. बोटी सैन्याच्या झाल्या, परवानग्या बंद पडल्या. मामांनी मात्र हार मानली नाही. युद्ध आज संपेल, उद्या संपेल, आपण तयार असलेलं बरं! दर रविवारी ते ओसरीवर आरसा टेकवीत, शेजारी पासपोर्ट उघडा ठेवीत आणि फोटोबरहुकूम मिशी कातरीत. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा मामींच्या डबीतलं काजळ मिशीला जाऊ लागलं. मामी चिडवायच्या, "लगन करता का दुसरं?" मामा कातरी न थांबवता म्हणत, "साहेबानं म्हनलं नाई पाह्यजे, का हा मानूस येगळा हाय." पासपोर्टाची मुदत केव्हाच संपून गेली होती. ते त्यांना सांगायचा धीर मला कधी झाला नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

युद्ध संपलं आणि गोदूच आली. आम्ही मूर्तिजापूर स्टेशनवर उभे होतो. मामांनी नवा फेटा बांधला होता, मिशी काळीभोर केली होती. गाडीतून गोदू उतरली ती मामींच्या गळ्यातच पडली. तिच्यामागून एक फ्रॉकवाली पोर उतरली. हातात एक मळका फोटो. तिनं फोटोकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. कचेरीतल्या कुठल्या साहेबानं इतक्या बारकाईनं तपासणी केली नसेल. म्हणाली, "मिशी बरोबर आहे. पण आजोबांना हे नव्हतं." आणि फेट्याकडे बोट दाखवलं.

भर फलाटावर, शेकडो लोकांसमोर! मामी "नको वं माय" म्हणेपर्यंत मामांनी दोन्ही हातांनी फेटा उतरवला आणि मान खाली करून तिच्यापुढे उभे राहिले. डोक्यावर एक काळा केस नव्हता. डोळ्यांतलं पाणी मिशीवर उतरत होतं आणि काजळाचे ओघळ हनुवटीपर्यंत आले होते. पोरीनं पुष्कळ वेळ न्याहाळलं. आम्हां सगळ्यांचा जीव टांगणीला. मग ती म्हणाली, "हो, हेच," आणि हात पुढे केला.

"पास झालो का वं?" मामांनी विचारलं. ती "हो" म्हणाली.

बंडीत बसल्यावर फेटा तिनं मांडीवर घेतला तो परत दिलाच नाही, आणि मामांनीही मागितला नाही. मंगरूळपर्यंत सारा रस्ता ते उघड्या डोक्यानं आले. वाटेत ओळखीचा माणूस भेटला की तो बंडी थांबवी, मामांच्या डोक्याकडे आणि ओल्या डोळ्यांकडे पाही, आणि हलक्या आवाजात विचारी, "कोन गेलं, मामा?"

मामा नातीच्या पाठीवर हात ठेवून सांगत, "गेलं कोनी नाई. आलं हाय."