मयताचा ठेका

डफडं वाजवायच्या आधी मोठबा गवताचा जाळ करून त्याचं कातडं शेकायचे. मग कानाशी धरून हलकेच टिचकी मारायचे. "अजून झोपेत हाय," म्हणायचे, आणि पुन्हा शेकायचे. मोठबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले.

वाजवायचे वर्षातून एकदाच, जयंतीच्या मिरवणुकीत. लग्नात नाही, मयतीत तर नाहीच. वांकिडीकडच्या आमच्या गावी आजोबांना प्रत्येक मयतीला डफडं वाजवायचं बोलावणं यायचं आणि गावकीचं काम म्हणून जावंच लागायचं. मोठबांची धाकटी बहीण घरात मरून पडली होती, त्या दिवशीही आलं. तिला तशीच ठेवून आजोबा दुसऱ्याच्या तिरडीपुढे वाजवत गेले. मोठबा सांगायचे, "तो ठेका माह्या हातात हाय. पन कोनी सांगतलं म्हनून मी वाजवनार नाही."

हे मला पाठ होतं. तरी मी काय केलं ते ऐका. हैदराबादेत डफाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरणार असं कळलं, तेव्हा मोठबांचा अर्ज मी भरला. मी उटनूरच्या कचेरीत कारकून. अर्जातला रिकामा रकाना मला बघवत नाही. 'विशेष वादन' या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं: मयताचा ठेका. निवड झाली. कचेरीत पेढे असे वाटले, जणू वाजवणारा मीच. मोठबांना एवढंच सांगितलं, जयंतीचं वाजवायचं आहे.

सभागृहामागे ते जाळ करून बसले. इराणचा एक वादक आपला डफ त्याच जाळावर शेकू लागला. एकमेकांच्या डफाला कान लावून दोघं हसत होते. तेवढ्यात संयोजक बाई कागद घेऊन आल्या. "बाबा, अब आपका वो मय्यत वाला ठेका."

मोठबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लिवलं?"

"हो."

"काऊन?"

"आता नाही म्हटलं तर माझी लाज जाईल, मोठबा."

ते उठले. "चाल मंग. तुही लाज राखू."

त्यांनी वाजवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. परतीच्या बसमध्ये आदिलाबाद येईपर्यंत ते एकदाच बोलले. "लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते. मले तिथं बहीनच दिसली."

पुढच्या जयंतीला डफडं खुंटीवरून निघालं नाही. मी विचारलं, "शेकून देऊ का?"

"झोपू दे त्याले."

पावसाळ्यात मोठबा गेले. अंगणात नातलग जमले. महोत्सवातला फोटो उशाशी ठेवलेला. चुलतभावाने खुंटीवरचं डफडं काढलं. "एवढा मोठा कलावंत मानूस, वाजतगाजत नेऊ. गवत आना रे."

मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि परत खुंटीला अडकवलं.

"काऊन?" तो म्हणाला.

"ते एकदा माझ्यासाठी वाजलंय," मी म्हणालो. "आता नाही."

त्रिसरण-पंचशील झालं, आणि मोठबांना आम्ही वाजवल्याविना नेलं.