अमरावतीच्या दुकानात कोण, पल्लवी की मी?

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से साठतात, ते अडगळीतल्या जुन्या कीबोर्डांसारखे. फेकायला जावं तर वाटतं, एखादं बटण कामाला येईल. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या दुकानात तीन वर्षांत माझ्याजवळ ढीग झालाय. वाईट एवढंच, की बहुतेक किश्श्यांत हिरो पल्लवी आहे!

पल्लवी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. मी बीसीए, फर्स्ट क्लास. ती बीए, तेही इतिहास घेऊन. आमचे मालक गजूभाऊ अमरावतीत दुसरं दुकान टाकणार होते आणि आम्हा दोघींपैकी एकीला तिथे पाठवणार होते. पल्लवीचं घर अकोल्यातच. माझं अमरावतीत, आई तिथे एकटी, मी इथे भाड्याच्या खोलीत. आता तुम्हीच सांगा, कुणी जायला हवं? पण भाऊ म्हणाले, "काम पाहून ठरवू." झालं! तेव्हापासून पल्लवीचं काम मी तिच्याहून बारकाईनं पाहू लागले.

*

वरूडचे एक संत्र्याचे व्यापारी सीपीयू कडेवर घेऊन आले, लेकरासारखा. ऐन गाड्या भरायच्या वेळी अपडेट सुरू होतं आणि मशीन तासभर गोल गोल फिरत बसतं, ही तक्रार. मी त्यांना अपडेट का गरजेचं, व्हायरस कसे येतात, सगळं समजावलं. अर्धा तास! शेवटी ते म्हणाले, "बाई, सगळं खरं. पन माहा ट्रक उभा हाय ना!"

पल्लवीनं खुर्ची सरकवली. "काका, तुमी जेवता कधी?"

"एक ते दोन."

तिनं अपडेटची वेळ एक ते दोन लावून दिली. "आता तुमी जेवा, तेबी जेवन."

पुढच्या आठवड्यात संत्र्यांची पेटी आली. वर स्केचपेननं 'पल्लवी मॅडम'. तिनं मलाही चार दिली. गोड होती म्हणतात.

*

फॉरमॅट मारायचं म्हटलं की मला धास्तीच वाटते. कुणाच्या लग्नाचे फोटो उडाले तर? म्हणून मी विचारून घेते. एक रिटायर्ड मास्तर लॅपटॉपवर सिस्टीम नव्यानं टाकून घ्यायला आले. "सर, बॅकअप घेतला ना? डेस्कटॉपवरचं घेतलं? डाउनलोडमधलं? नक्की ना?"

मास्तर चष्मा काढून म्हणाले, "पोरी, मशीन एकदाच इचारते, 'आर यू शुअर?' तू चारदा इचारून राह्यली. आता मलेच शुअर वाटून नाई राह्यलं!"

आणि लॅपटॉप काखेत मारून चालते झाले. दुसऱ्या दिवशी परत आले. पल्लवीच्या टेबलावर!

*

एका कॉलेजच्या ऑफिसातले बडे बाबू. नव्या सिस्टीमवर मराठी टाइप करायला गेले की भलतीच अक्षरं उमटायची, कारण बोटं बसलेली जुन्या टाइपरायटरवर. मी नव्या कीबोर्डचा रंगीत तक्ता काढला, लॅमिनेट करून त्यांना दिला. रविवार गेला माझा त्यात. बाबूंनी तक्ता पाहिला, टेबलावर पसरला, आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

"माह्ये बोटं शिकले तवा तू जन्मली नव्हती, बाई."

पल्लवीनं सिस्टीममध्ये टाइपरायटरची जुनी रचनाच बसवून दिली. बाबूंनी डोळे मिटून पानभर टाइप केलं. निघताना मी तक्ता परत मागितला.

"राहू दे. कप ठेवाले बरा हाय!"

*

दुकानातल्या मशीनवर चूक झाली की नुसतं टुंग वाजायचं. पल्लवीला सिस्टीम सजवायचा नाद. तिनं भाऊंचा आवाज मोबाइलवर घेतला आणि त्या टुंगच्या जागी बसवला. मला न सांगता! मी काहीतरी चुकीचं दाबलं आणि कानाशी भाऊ गरजले, "काहून वं, झोपली काय?" भाऊ तर बँकेत गेलेले! माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर उडाला तो समोरच्या गिऱ्हाइकाच्या वांग्यांच्या पिशवीत.

मला वाटलं, आता ही सापडली. भाऊ आले, त्यांनी आवाज ऐकला. मग मुद्दाम स्वतः तीन चुका केल्या.

"माहा आवाज लयच भारी आहे बे!"

वांगी निवडून स्क्रूड्रायव्हर शोधायचं काम माझं.

*

कार्तिकात पल्लवी घरच्यांसोबत कौंडण्यपूरच्या यात्रेला गेली. तीन दिवस! म्हटलं, आता दाखवते. पहिल्याच सकाळी भाऊंनी सांगितलं, "माह्या मशीनवरून गिऱ्हाइकांची यादी काढून दे."

भाऊ डावखुरे. पल्लवीनं त्यांच्या मशीनवर माउसची बटणं उलटी केलेली, फोल्डरना नावांऐवजी चित्रं दिलेली. यादी बैलाच्या चित्रात, की केळ्याच्या? मी क्लिक करायची आणि भलताच मेनू उघडायचा. भाऊंनाही सांगता येईना. "मले काय मालूम, पल्लवीच पाहते ते." तीन दिवसांत यादी निघाली नाही. मी त्या रात्री आईला फोनच केला नाही.

चौथ्या दिवशी पल्लवी आली, प्रसाद वाटला, बैलावर क्लिक करून यादी काढली. भाऊंनी आम्हा दोघींना समोर बसवलं.

"अमरावतीले तू जाय," भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले.

"मी?"

"मंग काय! पल्लवी गेली तं हे दुकान चालन कसं? तुह्याबिना भागते इथं."

पल्लवी माझ्या कानाशी म्हणाली, "नशीबवान हायेस वं तू. मले तं कोनी सोडतच नाई."

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. "आई, अमरावतीच्या दुकानासाठी माझी निवड झाली."

"पाह्य!" आई पलीकडून ओरडली. "मी म्हनत नव्हती? हुशार पोरीले लोकं बरोबर वळखतात!"

"हो," मी म्हणाले.